शेजारी बसणाऱ्याचं हेल्मेट

सोमवार, भर दुपार
रिक्षा स्टँडच्या बाकावरून

चि. धाकट्यास थोरल्याचे आशीर्वाद, आणि हल्ली त्याच्याच देहात मुक्कामाला असलेल्या मा. उपायुक्त साहेबांस अर्जदाराचा कोपरापासून नमस्कार. दोघांपैकी ज्याच्या हाती हे पत्र पडेल त्याने आपला वाटा उचलावा आणि उरलेला दुसऱ्याला पोचता करावा.

इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे आहेत तसेच आहेत, म्हणजे दुखतात. माझी तब्येत मानेपर्यंत उत्तम आहे. मानेच्या वर काय चाललंय ते पुढे येईलच. तुझा रक्तदाब, तुझ्या बायकोची पाठ, मुलांचे अभ्यास आणि सरकारी गाडीचा एसी हे सगळं ठीक असेल अशी आशा करतो. (आशाच करायची, कारण कळायला दुसरा मार्ग नाही. तुझा फोन तुझा मदतनीस उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतो. इतकी वर्षं चाललेली मीटिंग मी दुसरी पाहिलेली नाही. संपली की कळव.) एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे पत्र सुनावणीबद्दल नाही. माझं लायसन्स तुमच्या खात्याने अडकवून ठेवलंय आणि गुरुवारी त्याची सुनावणी आहे, ती बाब वेगळी. भावाने भावाला पत्र लिहावं, एवढ्याच हेतूने हा कागद घेतलाय, आणि लायसन्स नसल्यामुळे लिहायला वेळही भरपूर आहे.

तर तुमचा नियम आला. आमच्या स्टँडचा अध्यक्ष (त्याला कोणी निवडून दिलेलं नाही, पण त्याचा आवाज सगळ्यांत मोठा आहे) रोज पेपर मोठ्याने वाचतो, त्याने तोही वाचला. ‘मोटार बसवलेले कोणतेही तीनचाकी वाहन चालवणाऱ्याने शिरस्त्राण धारण करावे.’ आधी सगळे हसले. रिक्षाला छत असतं, पुढे काच असते, आणि तिचा वेग इतका, की मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून पुढे जातो. मग अध्यक्षाने खाली सही कोणाची आहे ते वाचलं आणि हसू थांबवून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी चहा पाजणाऱ्यानेही माझ्यासमोर ग्लास जरा आपटूनच ठेवला. एकतीस वर्षं मी त्या रांगेत नंबर लावतोय, कधी कोणाचा नंबर मारला नाही, कोणाचं गिऱ्हाईक पळवलं नाही. आणि आता मी कोण, तर साहेबाचा भाऊ. साहेबाला भाऊ आहे हे साहेबाला ठाऊक नाही, पण स्टँडला बरोब्बर ठाऊक.

त्यात ते कलम चार. बाकीच्या नियमावर आम्ही चिडलो, पण कलम चारवर हसून हसून पोटं दुखली. ‘चालकाच्या शेजारी, चालकाच्याच आसनावर बसणाऱ्या व्यक्तीनेही शिरस्त्राण धारण करावे.’ अरे बाबा, चालकाच्या शेजारी कोणालाही बसवायला बंदी आहे, आणि ती बंदीही तुमच्याच खात्याची. म्हणजे ज्याने तिथे बसायचंच नाही, त्याने तिथे बसताना हेल्मेट घालायचं! उंटाने (आमच्यातला सगळ्यांत उंच रिक्षावाला, हेल्मेट घातल्यापासून त्याला मान एका खांद्यावर टाकूनच चालवावं लागतं, आणि रिक्षा त्या बाजूला वळते की काय अशी गिऱ्हाइकांना भीती वाटते) तुझ्यासाठी आणखी दोन कलमं सुचवली, पण ती तुझ्या हुद्द्याला शोभणारी नसल्याने लिहीत नाही. असलं कलम साहेबाच्या डोक्यात आलं तरी कुठून, असं मला सगळे विचारत होते. मी म्हटलं, त्याच्या डोक्यात काय असतं ते मला कसं कळणार? तो वयाच्या पंधराव्या वर्षापासून माझ्या रिक्षात बसलेला नाही. हे खरंच आहे ना? दहावीनंतर तू कॉलेजला पायी गेलास, पाऊण तास चालत, आणि मी त्याच रस्त्याने रिकामी रिक्षा घेऊन जायचो. तुला हाक मारली तर तू हात हलवायचास आणि चालत राहायचास. मला वाटलं, पोरगा आत्तापासूनच साहेब झाला, भावाच्या रिक्षाला आता त्याचे पाय लागेनात.

असो. हेल्मेट घेतलं. दुकानात माझ्या डोक्याच्या मापाचं एकच होतं, लाल रंगाचं, त्यावर ज्वाळा काढलेल्या. वहिनीने ते पाहिलं आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. भांडी घासलेली होती. ते घातल्यावर कानांवर उशा बांधल्यासारखं होतं. मागे गिऱ्हाईक काय बोलतं ते कळत नाही, त्यामुळे त्याला प्रत्येक वळणावर माझ्या खांद्यावर थापटी मारावी लागते. संध्याकाळपर्यंत माझे खांदे सुजतात. सवारी मागे बसून रडत असली, भांडत असली, फोनवर कोणाला शिव्या देत असली, तरी आपण आरशात बघून तिला जरा बोलतं करायचं, ही आमच्या धंद्यातली अर्धी मजा. ती गेली. आता मी ज्वाळांच्या आत एकटा असतो आणि माझाच श्वास मला ऐकू येतो.

यातून एक फायदा झाला तो तुला सांगायलाच हवा, कारण तो तुझा आहे. गेल्या महिन्यात मोठ्या चौकात सिग्नलला तुझी पांढरी गाडी माझ्या शेजारी येऊन थांबली. तू मागे बसला होतास, मांडीवर फाईल. काच बंद. तू मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलंस आणि मी हात वर केला. तू पुन्हा फाईलमध्ये डोकं घातलंस. मी मुळीच मनाला लावून घेतलं नाही, कारण मी तुझ्याच नियमाप्रमाणे तोंड झाकून बसलो होतो, मग तुला ओळख पटणार कशी? याआधीही दोनदा असं झालं होतं, पण तेव्हा माझं डोकं उघडं होतं आणि तुला काही सबब नव्हती. आता नियमानेच तुझी सोय झाली.

आता लायसन्स कसं गेलं ते ऐक. (सुनावणीसाठी नव्हे. करमणूक म्हणून.) मी सकाळ-दुपार सहा पोरी शाळेत सोडतो-आणतो हे तुला माहीत नसेल. सहाही जणी एकाच गल्लीतल्या, सगळ्यांत धाकटी पाच वर्षांची. जाता-येता मी त्यांच्याकडून पाढे म्हणून घेतो. मला तिसापर्यंत येतात, का येतात ते तुला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी हेल्मेट घालून गेलो तर धाकटीने दारातच भोकाड पसरलं आणि रिक्षात बसायला साफ नकार दिला. शेवटी मी काच वर करून सतराचा पाढा सुरू केला, तेव्हा आवाज ओळखून ती आली, पण एकशे सत्तर होईपर्यंत आईचा हात सोडला नाही. त्यानंतर रोज तिला आधी पाढा ऐकवायचा आणि मग ती चढायची, असा आमचा करार झाला.

पोरीची समजूत पटली, शाळेच्या दरवानाची पटेना. त्या शाळेत पोरं कोणाच्या हवाली करायची याचा फार कडक नियम आहे आणि तो चांगलाच आहे, मी त्याच्याविरुद्ध नाही. फाटकापासून दहा-बारा फुटांवर रस्त्यात पिवळा पट्टा मारलाय. तो पट्टा ओलांडायच्या आत रिक्षावाल्याने चेहरा उघडा करून ओळखपत्र दाखवायचं, फोटो आणि तोंड जुळलं तरच फाटक उघडायचं, आणि पोरी बसवायच्या त्या फाटकाच्या आत, रस्त्यावर नाही. हेल्मेटची नुसती काच वर केलेली दरवानाला चालत नाही, कारण माझ्या फोटोत टक्कल आहे आणि त्याला ते समोर बघायचं असतं. म्हणजे पट्ट्यापासून फाटकापर्यंत माझं डोकं उघडं पाहिजे. आणि फाटकाच्या बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडे, तुमचा वाहतूक पोलीस उभा असतो. त्याच्या मते त्याच दहा-बारा फुटांत माझं डोकं झाकलेलं पाहिजे. दोघेही सज्जन. दोघांची एकमेकांशी ओळख आहे, दुपारी डबा एकाच झाडाखाली खातात. पण नियम दोघांचे वेगळे आणि डोकं माझं एकच.

पहिल्या दिवशी मी पट्ट्यावर हेल्मेट काढलं, आत गेलो, पोरी घेऊन बाहेर आलो, तर शिट्टी. पावती हातात. दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. पट्ट्यावर इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं, खाली उतरलो आणि रिक्षा ढकलत आत नेली. येताना सहा पोरी आत बसलेल्या, सहा दप्तरं, आणि मी चोपन्न वर्षांचा माणूस मागून ढकलतोय, पोरी मजेत बाराचा पाढा म्हणतायत. पोलीस रस्ता ओलांडून माझ्याजवळ आला. मी म्हटलं, मी चालवत नाहीये, ढकलतोय. त्याने जरा विचार केला, आणि मला त्याचा विचार चेहऱ्यावर दिसत होता, म्हणून मला थोडी आशाही वाटली. मग तो म्हणाला, “काका, गाडी हलली म्हणजे चालली. मी काय करू, वरून असंच आलंय.” दुसरी पावती. (वरून म्हणजे कुठून, ते मी विचारलं नाही. मला त्या वरचा पत्ता पाठ आहे.)

तिसऱ्या वेळी मी दोघांचंही समाधान करायला गेलो. हेल्मेट डोक्यावरच ठेवलं, पण एका हाताने ते वीतभर वर उचलून धरलं, म्हणजे दरवानाला तोंड आणि टक्कल दिसावं, आणि पोलिसाला डोक्यावर हेल्मेट दिसावं. दुसऱ्या हाताने हँडल. दरवानाने फाटक उघडलं, मला वाटलं जमलं. पोलिसाने पावतीवर लिहिलं: शिरस्त्राण धारण केलेले नाही, शिवाय वाहन एका हाताने चालवले. तिसरी पावती झाली की लायसन्स तीन महिने जप्त, हेही तुमचंच. पोरी आता दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये जातात. धाकटी पहिले दोन दिवस गेलीच नाही म्हणे, कारण त्या व्हॅनवाल्याला पाढे येत नाहीत.

मग मी तुझ्या ऑफिसात आलो होतो. मदतनीसाने तुला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. खाली पहारेकऱ्याने हेल्मेट काढून जमा करायला लावलं (इमारतीत हेल्मेट न्यायला बंदी आहे, हे वाचून तुला हसू आलं तर माझ्या वाटचंही हस). तीन तास बाकावर बसलो. तुझ्या दाराला काच आहे आणि तिच्यातून तुझी सावली हलताना दिसत होती. तू चष्मा काढून डोळे चोळतोस, तसे बाबा चोळायचे. शेवटी मदतनीस बाहेर आला आणि अर्ज खिडकी क्रमांक तीनवर द्या म्हणाला. खिडकी तीनवर अर्ज भरला, तीन प्रतींत. कारणं लिहायच्या जागी अध्यक्षाने सांगितलेलं वाक्य लिहिलं, ते तू गुरुवारी ऐकशीलच: ‘गेल्या एकतीस वर्षांत माझ्या रिक्षात कोणाच्याही डोक्याला साधा ओरखडा उठलेला नाही.’ स्टँडवर हे वाक्य सगळ्यांना फार आवडलंय. अख्खा नियम याच वाक्यावर पडणार, असं अध्यक्ष सांगतो. गुरुवारी सगळे रांगेतले नंबर सोडून माझ्यामागे उभे राहायला येणार आहेत, आणि स्टँडचं निवेदनही मीच द्यायचंय. त्यात सगळ्यांत वर मागणी आहे, की ते हास्यास्पद कलम चार ताबडतोब रद्द करावं. पहिली सही माझी.

तेव्हा साहेब, राग मानू नये. तीस-चाळीस हजार रिक्षावाल्यांची डोकी वाचवायला तुम्ही निघालात, त्यांच्यातल्या एकाला मात्र आधी कधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. तुला शिकवलं, हे मी कधी काढत नाही आणि आजही काढणार नाही. (काढलं. पण कंसात काढलंय.) तुझ्या बायकोला नमस्कार, मुलांना पापा. वहिनी विचारते, तू जेवायला कधी येणार. ती दर वेळी विचारते, म्हणून मी दर वेळी लिहितो.

तुझा,
दादा

ता. क. सुनावणी गुरुवारी अकराला आहे, दुसऱ्या मजल्यावर, माझा क्रमांक सतरावा. नोटिशीवर सुनावणी अधिकारी म्हणून तुझं नाव आहे. पत्र सुनावणीबद्दल नाही असं वर लिहिलंय, ते खोडायला जागा नाही म्हणून राहू दिलंय. सगळ्यांना वाटतं, भावासमोर उभा राहणार म्हणजे काम झालंच. माझं म्हणणं उलटं आहे. अर्जात सहावा रकाना आहे: ‘सुनावणी अधिकाऱ्याशी अर्जदाराचे नाते असल्यास नमूद करावे.’ तीन तास बाकावर बसून माझं डोकं फिरलं होतं, मी तिथे ‘नाही’ लिहिलं. तीनही प्रतींत. तेवढं तू तुझ्या हाताने खोडून ‘सख्खा भाऊ’ लिही. असं लिहिलं की नियमाने तुला बसता येत नाही आणि फाईल दुसऱ्या साहेबाकडे जाते, हे मी खिडकीवर विचारून घेतलंय. दुसरा कोणीही चालेल, माझ्याशी वाकडा असला तरी चालेल. लायसन्स तीन महिने आणखी गेलं तरी चालेल.

ता. क. दुसरा. कारण ते ओरखड्याचं वाक्य मला मोठ्याने म्हणायचंय. परक्या माणसासमोर मी ते डोळ्याची पापणी न लववता म्हणेन. तुझ्यासमोर म्हणता येणार नाही. पेपरात तुझा फोटो आला तेव्हा वहिनी म्हणाली, भावजी केस कपाळावर का ओढून घेतात. मी म्हटलं, मोठ्या हुद्द्याची पद्धत असते. सात टाके होते ना रे? मागची सीट मी दोन सवाऱ्यांना दिली होती. तुझा गणिताचा पेपर आणि मी तुझी जागा भाड्याने दिली, आणि तुला माझ्या शेजारी, माझ्या अर्ध्या सीटवर टेकवलं. तू पाढे म्हणत होतास. वळणावर कोणीतरी हात केला, म्हणून मी मान वळवली, दोन सवाऱ्या बसलेल्या असताना तिसरी बघायला, आणि चाक खड्ड्यात गेलं. मीटरचा कोपरा लोखंडी असतो. मी दवाखान्याकडे वळवत होतो, तर तू माझा हात धरलास आणि म्हणालास, “दादा, आधी पेपर.” माझा रुमाल बांधून तू तीन तास पेपर लिहिलास आणि टाके नंतर पडले. पुढे तू पायी जायला लागलास, आणि मी अठ्ठावीस वर्षं स्टँडवर सांगत आलो की माझ्या भावाला रिक्षाची लाज वाटते. कलम चार वाचलं तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसलो. हसताना मला कळलेलं होतं ते कोणासाठी आहे. निवेदनातून ते काढायला सांगायची माझी स्टँडवर हिंमत होत नाही. बाकी नियमाचं काय करायचं ते कर, पण कलम चार काढू नकोस.

ता. क. शेवटचा. जिन्यावरून पडलो असं सांग, हे घरी येताना मीच तुला शिकवलं होतं. तू दारातच आईला म्हणालास, “जिन्यावरून पडलो,” आणि तिने तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हळद आणायला आत गेली. आपल्या घराला जिनाच नव्हता, हे ती मरेपर्यंत म्हणाली नाही.